संघाच्या शोधात सीमेपलीकडे

मित्रहो,

एखाद्या खेळाडूनं देश बदलला की त्यामागचं कारण लोक बसल्या जागी सांगून मोकळे होतात. पैसे मिळाले असतील, नाहीतर मायदेशात डावललं असेल. काही खेळांच्या बाबतीत हे खरंही असेल. कर्लिंगला मात्र ही फूटपट्टी लावता येत नाही. या खेळात पैसा इतका थोडा आहे की ऑलिम्पिकपर्यंत पोहोचलेली माणसंसुद्धा नोकरीधंदा सांभाळून सराव करतात. मी बरीच वर्षं हा खेळ पाहत आले आहे, त्याबद्दल वाचत आले आहे. माझं मत असं झालं आहे की कर्लिंगपटू सीमा ओलांडतो तो बहुतेक वेळा चार जणांच्या संघात आपली एक जागा मिळावी म्हणून. आणि नव्या देशात त्याला सगळ्यात जड जातं तेही त्या चौघांची घडी बसवणंच.

आज मी मुख्यतः जेमी सिंक्लेअर हिच्याबद्दल बोलणार आहे. अमेरिकेच्या या खेळाडूनं कर्लिंग शिकलं ते कॅनडात. तिच्या अनुषंगानं आणखीही काही नावं येतील. पण त्याआधी खेळाची थोडी ओळख करून द्यायला हवी. त्याशिवाय देश बदलल्यानं नेमकं काय हातातून जातं, हे कळणार नाही.

कर्लिंगची बर्फाची पट्टी सुमारे ४५ मीटर लांब असते. दोन्ही टोकांना बर्फाखाली रंगीत वर्तुळं आखलेली असतात. प्रत्येकी १९ किलोच्या आसपास वजनाचे, वर मूठ बसवलेले ग्रॅनाइटचे दगड एका टोकाहून सोडायचे आणि ते पलीकडच्या वर्तुळाच्या केंद्राजवळ थांबवायचे. एका संघात चौघं असतात आणि प्रत्येक डावात, म्हणजे एंडमध्ये, प्रत्येक जण दोन दगड टाकतो. ज्या संघाचा दगड केंद्राच्या सर्वांत जवळ, त्यालाच त्या एंडचे गुण मिळतात. ऑलिम्पिकचा दगड ज्या ग्रॅनाइटचा बनतो, तो स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळच्या ऐल्सा क्रेग नावाच्या छोट्या बेटावरून येतो. बर्फही साधा गुळगुळीत नसतो. सामन्याआधी त्यावर पाण्याचे बारीक थेंब शिंपडतात, ते गोठून खरखरीत दाणे तयार होतात आणि दगड त्या दाण्यांवरून पुढे सरकतो.

आता एकच फेक नीट पाहू. कप्तान, म्हणजे स्किप, पलीकडच्या वर्तुळात उभी असते. ती ब्रश बर्फावर टेकवून नेम दाखवते. दगड टाकणारी खेळाडू पायाला आधार देणाऱ्या खाचेतून जोर घेऊन पुढे झेपावते, गुडघ्यात वाकून एका पायावर घसरत येते, आणि ठरलेली रेष येण्याआधी मुठीला अगदी हलकी फिरकी देत दगड सोडते. त्या फिरकीमुळे दगड वाटेत वळत जातो. तो थांबेपर्यंत साधारण पंचवीस सेकंद लागतात आणि खरी गंमत या पंचवीस सेकंदांत आहे. दोघी जणी दगडापुढे ब्रश घासत धावतात. घासल्यानं दगड लांब जातो आणि कमी वळतो. पण घासायचं कधी आणि किती? दगडाचा वेग किती, तो कुठवर पोहोचेल, हे दगडाशेजारून धावणाऱ्या दोघींनाच कळतं. दगडाची दिशा बरोबर आहे की नाही, हे मात्र समोर उभ्या असलेल्या स्किपलाच दिसतं. म्हणजे निम्मी माहिती एका टोकाला आणि निम्मी दुसऱ्या टोकाला. घासणाऱ्या ओरडून सांगतात, ‘पुढे थांबेल, वर्तुळाच्या तोंडाशी’. स्किप ओरडते, ‘घासा’ किंवा ‘सोडा’. विचार करायला वेळ नसतो. समोरचीच्या आवाजातल्या खात्रीवरून निर्णय घ्यायचा असतो. कोणाचा अंदाज नेहमी थोडा कमी असतो, कोण दडपणाखाली दगड जरा जोरात सोडते, कोणाच्या ‘बरोबर आहे’ या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवावा, हे कळायला एकत्र खेळलेली वर्षं लागतात.

जेमी सिंक्लेअरनं देश बदलला तेव्हा हीच जमवलेली वर्षं मागे ठेवली, असं मला वाटतं.

तिचा जन्म १९९२ सालचा, अलास्कातल्या अँकरेजचा. अमेरिकेच्या भूमीवर जन्मल्यामुळे अमेरिकेचं नागरिकत्व तिला जन्मानंच मिळालं. वाढली मात्र ती कॅनडात, ओंटारियो प्रांतात, ओटावाजवळच्या मॅनोटिक या गावात. तिथल्या मुलांना कर्लिंग लहानपणापासूनच माहीत असतं. ज्युनियर वयोगटात ती ओंटारियोत खेळली आणि चांगली खेळली. पण ज्युनियर गट संपल्यावर पुढे काय, हा प्रश्न कॅनडातल्या प्रत्येक गुणी मुलीपुढे येतो, तसा तिच्याही पुढे आला.

या टप्प्यावर ओंटारियोची स्थिती जरा तपशिलात पाहायला हवी. कॅनडाच्या महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेला स्कॉटीज म्हणतात. प्रांतांचे विजेते तिथे खेळतात. ओंटारियोसारख्या प्रांतातून संघ जाणार तो एक. आणि ओटावातून त्या काळात रेचल होमनचा संघ वर येत होता. २०१३, २०१४ आणि मग २०१७, अशा तीन स्कॉटीज या संघानं जिंकल्या. २०१७ ला बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत तर हा संघ एकही सामना हरला नाही. होमन जेमीपेक्षा फक्त तीन वर्षांनी मोठी. म्हणजे ती निवृत्त होईल आणि जागा मोकळी होईल, असंही म्हणायची सोय नव्हती. शिवाय शेरी मिडॉ, जेन हॅना अशा अनुभवी स्किप प्रांतात होत्याच. हॅनानं तर २०१६ च्या प्रांतीय अंतिम सामन्यात होमनलाच हरवून स्कॉटीज गाठली. ज्या प्रांतात जगज्जेता होऊ घातलेला संघही घरीच अडू शकतो, तिथे बाविशीतल्या मुलीनं कितव्या वर्षी वर यायचं?

कॅनडाची ही अडचण बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. आपण म्हणतो, तिथे हजारो खेळाडू आहेत, उत्तम बर्फ आहे, गावोगावी क्लब आहेत, मग खेळाडू बाहेर का जातो? तो यासाठीच जातो. जिथे भरपूर आहे, तिथे रांगही मोठी असते. कॅनडानं प्रांताच्या निवासाचे नियमही बरीच वर्षं कडक ठेवले होते. शेजारच्या प्रांतातल्या मैत्रिणीबरोबर संघ करायचा म्हटला तरी हिशेब करावा लागायचा. जिच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट आहे, तिला सीमा ओलांडणं प्रांत ओलांडण्याइतकंच सोपं वाटलं, तर त्यात नवल नाही.

२०१४ मध्ये जेमी अमेरिकेला गेली. ते वर्ष महत्त्वाचं आहे, कारण त्याच फेब्रुवारीत सोची ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या कर्लिंगची पुरती वाताहत झाली होती. महिलांनी नऊपैकी आठ सामने गमावले, पुरुषांनी सात. त्या महिला संघाबद्दल एक गोष्ट मला इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. स्किप होती एरिका ब्राउन, विस्कॉन्सिनच्या मॅडिसनची मुलगी. पंधराव्या वर्षी, १९८८ साली कॅलगरीत ती ऑलिम्पिकला खेळली होती, तेव्हा कर्लिंग प्रदर्शनीय खेळ होता. मोठेपणी ती राहायला गेली ओंटारियोतल्या ओकव्हिलला. आणि तिच्या संघात दगड टाकण्याच्या क्रमात तिसरी होती डेबी मॅककॉर्मिक, जिचा जन्म कॅनडातल्या सॅस्कॅटूनचा आणि घर विस्कॉन्सिनात. म्हणजे कॅनडात राहणारी अमेरिकी आणि अमेरिकेत राहणारी कॅनडाजन्मी अशा दोघी एकाच पोशाखात. कर्लिंगमध्ये ही सीमा किती सहज ओलांडली जाते, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

सोचीनंतर अमेरिकेच्या संघटनेनं सगळी व्यवस्था बदलायचं ठरवलं. निवडक खेळाडूंना हाताशी धरून प्रशिक्षण द्यायचं, त्यांचे संघ बांधायचे, मोजमापं ठेवायची, असा उच्च कामगिरी कार्यक्रम सुरू झाला. तो चालवायला आणलेला माणूस, डेरेक ब्राउन, हा स्कॉटलंडचा. याच कार्यक्रमानं जॉन शूस्टरला बाजूला ठेवलं. त्यानं मग अशाच वगळलेल्या खेळाडूंना घेऊन स्वतःचा संघ केला, आणि २०१८ ला प्योंगचँगमध्ये अमेरिकेला कर्लिंगचं पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण मिळालं ते त्या संघामुळे. तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. आपल्या दृष्टीनं महत्त्वाचं एवढंच की अमेरिकेला त्या घडीला अशा तरुण खेळाडू हव्या होत्या, ज्यांना अटीतटीच्या स्पर्धेची सवय आहे. ओंटारियोच्या ज्युनियर स्पर्धांतून आलेल्या मुलीला ती सवय कोणी वेगळी लावायची गरज नव्हती.

जेमीनं मिनेसोटातलं ब्लेन हे ठिकाण धरलं. तिथे फोर सीझन्स कर्लिंग क्लब आहे. तिच्या संघात ॲलेक्स कार्लसन, विकी पर्सिंगर आणि मोनिका वॉकर आल्या. या चौघी लहानपणापासून एकत्र खेळलेल्या नव्हत्या. कॅनडात चार मुली एकाच क्लबात वाढतात, एकत्र ज्युनियर खेळतात, एकत्रच मोठ्या होतात, तसं इथे काही झालं नव्हतं. मघाशी सांगितलेल्या पंचवीस सेकंदांच्या भाषेला इथे पहिल्यापासून सुरुवात करायची होती. अशा संघाला यश मिळायला वेळ लागतो आणि जेमीलाही तो लागला.

२०१७ साली एव्हरेट इथे ती अमेरिकेची राष्ट्रीय विजेती झाली. कोणालाही वाटेल, राष्ट्रीय विजेती म्हणजे जागतिक स्पर्धेला जाणारच. तसं झालं नाही. अमेरिकेचा संघ ठरवताना वर्षभरातल्या कामगिरीचे गुणही धरले जात होते, आणि त्या हिशेबात निना रॉथचा संघ पुढे होता. बीजिंगला रॉथ गेली. मग त्याच वर्षी नोव्हेंबरात ओमाहामध्ये ऑलिम्पिकची निवड चाचणी झाली. जेमी शेवटच्या मालिकेपर्यंत पोहोचली आणि तिथे पुन्हा रॉथकडूनच हरली. देश बदलला, नवा संघ उभा केला, राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, आणि ऑलिम्पिकच्या दारातून परत फिरावं लागलं. कॅनडात होमनमुळे जे झालं असतं, तेच अमेरिकेत रॉथमुळे झालं, असं कोणी म्हणेल. मी तसं म्हणणार नाही. ओंटारियोत राहिली असती तर शेवटच्या मालिकेत खेळायची संधी तिला कधी मिळाली असती, कोण जाणे. इथे ती एका मालिकेच्या अंतरावर होती. खेळाडूच्या आयुष्यात हा फरक फार मोठा असतो.

आणि मग आला २०१८ चा मार्च. ऑलिम्पिक नुकतंच झालं होतं. फार्गोला जेमीनं पुन्हा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं आणि या वेळी जागतिक स्पर्धेचं तिकीटही मिळालं. ती स्पर्धा होती नॉर्थ बे या गावी. नॉर्थ बे ओंटारियो प्रांतातच येतं. ज्या प्रांतात तिला वर यायला वाट मिळत नव्हती, त्याच प्रांतात ती पाठीवर अमेरिकेचं नाव घेऊन उतरली. चौथी आली. कांस्यपदकाच्या सामन्यात रशियाकडून हार झाली. विजेतेपद घरच्या प्रेक्षकांसमोर कॅनडाच्या जेनिफर जोन्सनं मिळवलं, एकही सामना न गमावता.

यानंतर तीनच आठवड्यांनी टोरोंटोत प्लेअर्स चॅम्पियनशिप होती. ही ग्रँड स्लॅम मालिकेतली स्पर्धा. यात देशांचे संघ नसतात. जगातले सगळ्यात वरच्या क्रमांकांचे संघ आपापल्या नावानं खेळतात. त्यामुळे कित्येक जाणकार याच स्पर्धा जागतिक स्पर्धेपेक्षा अवघड मानतात, कारण इथे एकट्या कॅनडाचेच पाच-सात तगडे संघ एका वेळी समोर असतात. सामने होते मॅटमी ॲथलेटिक सेंटरमध्ये, म्हणजे एके काळच्या मेपल लीफ गार्डन्समध्ये. कॅनडाच्या हॉकीचं ते तीर्थक्षेत्र. अंतिम सामना जेमी सिंक्लेअर विरुद्ध नुकतीच जगज्जेती झालेली जेनिफर जोन्स. जेमीनं तो ७–२ असा जिंकला. कुठल्याही अमेरिकी संघानं ग्रँड स्लॅम जिंकण्याची ती पहिलीच वेळ होती.

सात-दोन. ग्रँड स्लॅमचा सामना आठ एंडांचा असतो. त्यात एवढा फरक म्हणजे सामना बराच आधी हातातून गेलेला असतो. जोन्ससारखी स्किप मागे पडली की बर्फावर भरपूर दगड ठेवून गुंतागुंत वाढवते आणि समोरच्याकडून चूक होण्याची वाट पाहते. तिला सात-दोनवर रोखायचं तर चौघींपैकी एकीचाही अंदाज ढळून चालत नाही. मला या निकालात सगळ्यात जास्त आनंद कशाचा वाटतो, तर ज्या चौघींना काही वर्षांपूर्वी एकमेकींच्या ओरडण्याचा अर्थ शिकावा लागला होता, त्यांनी जगातल्या सर्वांत जुळलेल्या संघांपैकी एकाला हरवलं. माझ्या मते तिच्या कारकिर्दीचा हा कळस आहे. तिची तिन्ही राष्ट्रीय विजेतेपदं मी याच्या खाली ठेवीन.

आणि त्याच उन्हाळ्यात तो संघ फुटला. ऑलिम्पिकनंतरचा उन्हाळा हा कर्लिंगमध्ये संघांची मोडतोड आणि नवी जुळवाजुळव होण्याचा काळ. पुढच्या हंगामात जेमीबरोबर जुन्यांपैकी फक्त मोनिका वॉकर उरली आणि सारा व टेलर अँडरसन या जुळ्या बहिणी आल्या. या नव्या संघानंही २०१९ ला कॅलमझूमध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. लागोपाठ तिसरं. पण चौघींची भाषा पुन्हा नव्यानं घडवायची होती. देश बदलणाऱ्या खेळाडूला एकदाच घर हलवावं लागतं. संघ मात्र दर चार वर्षांनी हलतो, आणि ती ओढाताण, माझ्या मते, सीमा ओलांडण्यापेक्षा जास्त दमवते.

मघाशी डेबी मॅककॉर्मिकचं नाव घेतलं. तिच्याबद्दल थोडं बोलते, कारण तिचं स्थलांतर वेगळ्या जातीचं आहे. ती लहान असतानाच कुटुंब विस्कॉन्सिनला आलं. वडील वॉली हेन्री स्वतः कर्लिंगमधले, पुढे तिचे प्रशिक्षक. म्हणजे कॅनडाचं कर्लिंग सामानाबरोबर घरातच आलं होतं. २००३ साली विनिपेगला तिच्या संघानं अंतिम सामन्यात कॅनडाच्या कॉलीन जोन्सला हरवलं आणि अमेरिकेला महिलांचं पहिलं जागतिक विजेतेपद मिळालं. त्या संघात तिसऱ्या क्रमांकावरची ॲलिसन पॉटिंजर हिचाही जन्म ओंटारियोतल्या ब्रॅम्प्टनचा. कॅनडात जन्मलेल्या दोघींनी कॅनडाच्या भूमीवर कॅनडाला हरवलं. या गोष्टीकडे कोणी फितुरी म्हणून पाहिलं तर मला वाईट वाटेल. मुळात कॅनडाला तरी हा खेळ कोणी दिला? स्कॉटलंडहून आलेल्या माणसांनी. १८०७ साली माँट्रियलमध्ये त्यांनी क्लब काढला आणि तो आजही आहे. बोटीतून आलेला खेळ मोटारीतून आणखी थोडा दक्षिणेकडे गेला, इतकंच.

सगळी स्थलांतरं फळाला येत नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. मॅनिटोबाचा जेसन गनलॉगसन हा असाच गुणी स्किप. मॅनिटोबातही ओंटारियोसारखीच गर्दी. २०१४ चं ऑलिम्पिक सोचीला होतं आणि यजमान म्हणून रशियाला थेट प्रवेश होता, पण पुरुषांचा तेवढा तयार संघ त्यांच्याकडे नव्हता. गनलॉगसन आणि त्याचा सहकारी जस्टिन रिक्टर यांनी २०१० च्या सुमाराला रशियाकडून खेळायचा मार्ग धरला. जन्मानं मिळालेला पासपोर्ट नव्हता. सगळं त्या देशाच्या मर्जीवर होतं. ऑलिम्पिकला नागरिकत्व लागतं, त्याला पर्याय नाही. ती योजना सोचीच्या बरीच आधीच बारगळली आणि तो मॅनिटोबाला परतला. तिथे २०२० मध्ये, म्हणजे त्यानंतर सुमारे नऊ-दहा वर्षांनी, प्रांताचा विजेता झाला आणि ब्रायरला, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेला, गेला. मला हा माणूस फार आवडतो. घरी परत येऊन त्याच लांबलचक रांगेत पुन्हा शेवटी उभं राहायचं आणि नंबर येईपर्यंत हलायचं नाही, याला विलक्षण चिकाटी लागते. जेमी आणि गनलॉगसन यांच्यातला फरक गुणांचा नाही. एकीचा जन्म अँकरेजमध्ये झाला होता आणि दुसऱ्याचा झाला नव्हता. खेळाडूच्या आयुष्यातले निर्णय कधी कधी अशा न निवडलेल्या गोष्टींवर ठरतात आणि त्याबद्दल आपण फार कमी बोलतो.

खेळाडूंपेक्षा प्रशिक्षकांना सीमा ओलांडणं सोपं असतं, कारण त्यांना पासपोर्ट बदलावा लागत नाही. कॅनडाचा जे. डी. लिंड जपानच्या खेळाडूंना शिकवायला गेला. प्योंगचँगला २०१८ मध्ये जपानच्या महिलांनी कांस्य मिळवलं आणि २०२२ ला बीजिंगमध्ये रौप्य, तेव्हा तो त्यांच्याबरोबर होता. पण मला सांगायची आहे ती बीजिंगमधलीच दुसरी गोष्ट.

मिश्र दुहेरीत ऑस्ट्रेलियाकडून ताली गिल आणि डीन ह्युइट आले होते. ऑस्ट्रेलिया कर्लिंगमध्ये ऑलिम्पिकला पहिल्यांदाच उतरला होता. त्यांच्या देशात तेव्हा फक्त कर्लिंगसाठी राखलेला बर्फही नव्हता. स्केटिंग आणि हॉकीच्या बर्फावर मिळेल त्या वेळात सराव करायचा आणि खऱ्या तयारीसाठी कॅनडा गाठायचा, असा त्यांचा शिरस्ता. त्यांना शिकवणाऱ्यांत होता जॉन मॉरिस, कॅनडाचा दोन वेळचा ऑलिम्पिक सुवर्णविजेता. आणि हाच मॉरिस बीजिंगला रेचल होमनबरोबर कॅनडाकडून खेळत होता. गिल आणि ह्युइट पहिले सातही सामने हरले. मग गिलची करोनाची चाचणी सकारात्मक आली, स्पर्धा सोडून परत निघायची वेळ आली, आणि आयत्या वेळी खेळायची परवानगी मिळाली. त्या दिवशी त्यांनी आधी स्वित्झर्लंडला हरवलं आणि नंतर कॅनडाला, १०–८. त्या हारीनं कॅनडाची वाट बिकट झाली. पुढच्या सामन्यात इटलीकडूनही हार झाली आणि गतविजेता कॅनडा उपांत्य फेरीच्या बाहेर राहिला.

शिकवणाऱ्याचं स्वप्न शिकलेल्यांनी मोडलं, असं त्या वेळी अनेकांना वाटलं असेल. मला त्यात मॉरिसचा मोठेपणा दिसतो. ज्या खेळात एक देश इतका वरचढ आहे, तिथला सर्वांत नावाजलेला माणूस दुसऱ्यांच्या हातात स्वतःला हरवायची कला देतो, तेव्हाच तो खेळ जगाचा होतो. हे मी मनापासून मानते.

नियमांबद्दल एक शेवटचा मुद्दा. दुसऱ्या देशाकडून जागतिक स्पर्धेत खेळायचं तर नागरिकत्व, नाहीतर तिथला ठरावीक काळाचा सलग निवास लागतो. आधी एका देशाकडून खेळून झालं असेल तर मध्ये वाटही पाहावी लागते. ही अट असावी, याबद्दल माझं दुमत नाही. एखाद्या देशानं ऑलिम्पिकच्या आदल्या वर्षी चार तयार माणसं आणून उभी करावी, याला मी खेळ म्हणणार नाही. पण ज्यांनी तिथे घर केलं, क्लबमध्ये वर्षानुवर्षं बर्फ झाडला, मुलांना शिकवलं, त्यांच्या जन्मगावाचा हिशेब कोणी काढू नये. कॅनडातल्या प्रांतांच्या निवासाच्या अटी अलीकडे सैल होत गेल्या आहेत आणि ते उत्तम झालं. हे २०१४ च्या आधी झालं असतं, तर जेमीसारख्या काही जणींना संघासाठी थेट देश बदलावा लागला नसता, अशी मला शंका आहे.

आणि आता कॅनडालाही बाहेरची माणसं लागू लागली आहेत. स्कॉटलंडचा डेव्हिड मर्डॉक २००६ आणि २००९ चा जगज्जेता स्किप, सोचीला ब्रिटनचा रौप्यविजेता, आणि कॅनडाच्या संघांना कित्येकदा नामोहरम केलेला. २०२३ मध्ये कॅनडाच्या कर्लिंग संघटनेनं आपल्या राष्ट्रीय संघांच्या तयारीची सगळी जबाबदारी त्याच्याकडे सोपवली, आणि तो त्यासाठी अटलांटिक ओलांडून तिकडे गेला.

धन्यवाद. कोणाचे प्रश्न असतील तर जरूर विचारा.